सायकल आडवी मावेल एवढी जागा सोडा

नागपूरकरहो,

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला भरतात. आपल्या विदर्भात ऊन उतरायला वेळ लागतो, म्हणून घंटा वाजते ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे आता हातात थोडेच दिवस उरले आहेत. त्या पहिल्या सकाळी हजारो मुलेमुली एकदम सायकली घेऊन रस्त्यावर येतील. कोणाची सायकल नवी, कोणाची थोरल्या भावाकडून आलेली, सीटवर बसले की पाय जेमतेम टेकणारी. पाठीवर नव्या वह्यांचे ओझे, दोन महिन्यांत सवय मोडलेली, आणि पाऊसही नेमका तेव्हाच सुरू झालेला. त्याच सकाळी ऑफिस, कारखाना आणि कॉलेज गाठायच्या घाईत आपण सगळे कार, बस, ऑटो, टिप्पर आणि दुचाक्या घेऊन त्याच रस्त्यावर असू.

हे आवाहन त्या मुलांसाठी आहे. आणि ज्यांना उन्हाळ्याची सुटी कधी लागतच नाही त्यांच्यासाठीही: पहाटेचा पेपरवाला, हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिली पाळी गाठणारा कामगार, कॅरिअरला डबा आणि थापी बांधून ठिय्याकडे निघालेला मिस्त्री, रात्रपाळी संपवून तारवटल्या डोळ्यांनी घरी परतणारा चौकीदार. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, त्या दिवशीसुद्धा ही माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळून पॅडल मारतच होती.

मागणी एकच आहे. सायकलच्या पुढे जाताना तुमची गाडी आणि ती सायकल यांच्यात किमान दीड मीटर जागा ठेवा. तेवढी जागा नसेल तर मागे राहा आणि जागा मिळाली की पुढे जा. बाकी सगळे या एका मागणीच्या आगेमागे येते.

दीड मीटरच का? सायकलस्वाराचा तोल जाऊन तो तुमच्या बाजूला पडला, तर त्याचे डोके साधारण तेवढ्या अंतरावर येऊन आपटते. तिथे तुमचे चाक नसेल तर गुडघा फुटतो, कोपर सोलवटते, मूल रडत घरी जाते. चाक असेल तर काय होते ते लिहायची गरज नाही. धावत्या गाडीतून टेप लावून कोणी मोजणार नाही, म्हणून सोपे माप सांगतो. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. तुमच्या आणि तिच्या मधल्या फटीत तीच सायकल आडवी ठेवली तर मावेल का, एवढेच नजरेने बघा. मावत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात.

जर्मनीने 2020 मध्ये हे अंतर आकड्यांत घातले: वस्तीत दीड मीटर, वस्तीबाहेर दोन. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत 2022 पासून दीड मीटर आहे, आणि ज्याच्या हातातले वाहन जास्त इजा करू शकते त्याच्यावर जबाबदारीही जास्त, असे तिथे आता स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडेही रान मोकळे नाही. मोटार वाहन चालनाच्या 2017 च्या विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. किती सेंटिमीटर, हे मात्र चालकाच्या अकलेवर सोडले आहे. आता त्या अकलेलाच हाक मारतो आहे.

आपल्या चौकांत रोज होणारा एक संवाद तुम्ही ऐकला असेल, कदाचित बोललाही असाल. काच खाली होते. “काहून बे, मरतं का? साइडनं चाल ना!” आणि सायकलवरचा म्हातारा माणूस म्हणतो, “साइड हाय कुठी, साहेब?”

उत्तर उद्धट वाटते, पण ते शंभर टक्के खरे आहे. एकदा गाडीतून उतरून ही साइड पायी बघा. आपल्या शहराने मोठ्या हौसेने सिमेंटचे रस्ते केले. त्यांवरून कार छान पळते. पण सिमेंटची पट्टी जिथे संपते तिथे बऱ्याच ठिकाणी पातळी उतरते, कुठे चार बोटे, कुठे वीतभर. त्या कडेवरून सायकलचे चाक खाली गेले की परत वर येत नाही; हँडल वळते आणि माणूस रस्त्याच्या बाजूला, म्हणजे तुमच्या बाजूला, फेकला जातो. कडेच्या खाली गट्टू बसवलेले असतात. त्यांतले काही निघालेले, काही डोलणारे, काही केबल टाकायला उकरले आणि मग तसेच राहिलेले. मध्येच चेंबरचे झाकण, एक तर खोल बसलेले नाही तर वर आलेले. बांधकामाची गिट्टी आणि वाळू गाड्यांच्या वाऱ्याने सरकत सरकत याच कडेला येऊन साचते. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधला उभा सांधा रुंदावलेला असेल तर कारला तो जाणवतही नाही, पण सायकलचे बारीक चाक त्यात धरले जाते. या सगळ्यातून जी जागा उरते तिथे आपण कार उभी करतो, ऑटो सवारीसाठी थांबतो, आणि संध्याकाळी पाणीपुरीची गाडी लागते.

हा झाला कोरडा दिवस. पावसात खड्डा आणि डबके यांतला फरक कळत नाही. मग सायकलवाला डबके टाळतो आणि अचानक हातभर आत येतो. तुम्हाला वाटते, हा आडवा आला. तो फक्त खड्डा चुकवत होता. त्यातून आपली माती काळी. बांधकामावरून निघालेल्या टिप्परच्या चाकांना चिकटून ती रस्त्यावर येते, आणि एक सर पडली की सिमेंटवर साबणासारखी पसरते. चारचाकीखाली ती उडून जाते, दोन बारीक चाकांखाली आली की माणूसच घसरतो.

म्हणून सायकलस्वार कडेपासून थोडा आत, हातभर अंतर ठेवून चालत असेल, तर तो माजलेला नाही. जिथे रस्ता धड आहे तिथून तो चालला आहे. तुम्ही सायकलवर असता तर तिथूनच चालला असता.

आता ‘कट मारणे’ या प्रकाराबद्दल. मागून जोरात यायचे, अगदी शेजारी आल्यावर हॉर्न दाबायचा आणि हँडलला चाटून निघून जायचे. दुचाकीवरच्या पोरांचा हा विशेष आवडता खेळ, पण कारवाले मागे नाहीत, आणि सायलेन्सर काढलेल्या बुलेटवाल्यांची तर बातच वेगळी. कट मारणाऱ्याला वाटते, लागले तर नाही ना, मग झाले काय? झाले असे की कानाजवळ हॉर्न वाजला की माणूस दचकतो आणि दचकलेल्या माणसाचे हँडल हलते. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुलीला बाजूचे धड दिसत नाही, आणि मागचे तर कोणालाच दिसत नाही. हॉर्न वाजवायचाच असेल तर लांबून, हलका, एकदाच वाजवा. रात्री डिप्पर पुरतो.

वेळेचा हिशेबही एकदा करून टाकू, कारण सगळे भांडण शेवटी वेळेवर येते. सायकल ताशी 15 किलोमीटरने चालली आहे. तिच्या मागे तुम्ही शंभर मीटर राहिलात तर 24 सेकंद लागतात. ताशी 40 ने ते शंभर मीटर 9 सेकंदांत कापले असते. गेले 15 सेकंद. पुढच्या चौकातला लाल दिवा याच्या कितीतरी पट वेळ खातो, आणि तिथे तुम्ही कट मारलेली सायकल हळूच येऊन तुमच्या शेजारीच उभी राहते.

वेगाबद्दल एवढेच: ताशी 50 ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. मूल दिसले, ब्रेकवर पाय गेला, एवढ्यात तो सेकंद संपलेला असतो आणि गाडी अजून थांबायला लागलेलीही नसते. ताशी 30 ला तेच अंतर 8 मीटरच्या थोडे वर. ताशी 30 च्या धडकेत बहुतेक माणसे वाचतात. 50 च्या पुढे ती आशा भराभर कमी होत जाते. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांची रस्ता सुरक्षा परिषद झाली. जिथे पायी आणि सायकलने जाणारी माणसे वाहनांत मिसळतात तिथे ताशी 30 ची मर्यादा असावी, असे तिच्या जाहीरनाम्यात आहे. त्या परिषदेत भारताचे नेतृत्व करणारे मंत्री आपल्याच शहराचे खासदार आहेत. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनीच लोकसभेत सांगितले की जागतिक परिषदांत अपघातांचा विषय निघाला की त्यांना तोंड लपवावेसे वाटते. देशाला रस्त्यांचा मंत्री देणाऱ्या गावात शाळेसमोर तरी ताशी 30 ने गाडी चालावी, ही अपेक्षा जास्त आहे का? त्यासाठी बोर्ड लागायची वाट बघू नका. शाळा कुठे आहे हे आपल्याला बोर्डाशिवाय ठाऊक असते.

काही जणांशी वेगळे बोलायचे आहे.

टिप्पर आणि ट्रक चालवणाऱ्या भाऊंना: तुम्ही उंचावर बसता, म्हणून तुमच्या डाव्या दाराखाली आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात उभी असलेली सायकल तुम्हाला दिसत नाही. हा तुमचा दोष नाही, गाडीची ठेवणच तशी आहे. पण सिग्नल सुटल्यावर डावीकडे वळताना मागची चाके आत कापतात आणि नेमकी तीच जागा घेतात. क्लीनर सोबत असेल तर वळायच्या आधी त्याला खाली बघायला सांगा. नसेल तर दोन सेकंद थांबून आरसा परत बघा. भरलेला टिप्पर पंचवीस टनांच्या पुढे जातो. त्याच्याकडून चूक झाली तर दुसरी संधी नसते.

‘आपली बस’च्या चालकांना: स्टॉप आला की सायकलच्या पुढे जाऊन लगेच डावीकडे घुसू नका. सायकल पुढे जाऊ द्या, मग बस लावा. आपल्या शहरातल्या बसना 2021 पासून आयरास्ते प्रकल्पात धोक्याची सूचना देणारे कॅमेरे बसवायला सुरुवात झाली, नागपूर त्यात देशाच्या पुढे होते. पण त्या यंत्राने शिटी मारली तरी ब्रेकवर पाय तुमचाच लागतो.

ऑटोवाल्यांना: सवारीने हात केला म्हणून आहे तिथून तिरपे येऊ नका. ज्या शाळेची मुले तुम्ही ऑटोत कोंबून नेता, त्याच शाळेची उरलेली मुले तुमच्या डाव्या अंगाला सायकलवर आहेत.

आणि कारमधल्या सगळ्यांना, चालवणाऱ्यांना आणि बसणाऱ्यांना: दार उघडताना दाराजवळच्या हाताने उघडू नका, पलीकडच्या हाताने उघडा. चालकाने डाव्या हाताने, डाव्या खिडकीशी बसलेल्याने उजव्या हाताने. तसे केले की अंग आपोआप वळते आणि मान मागे जाते, मागून येणारी सायकल दिसते. धरमपेठ, गोकुळपेठ, सीताबर्डी, महाल, जिथे जिथे दुकानासमोर कारची रांग लागते, तिथे उघडलेले दार हा सायकलवाल्याचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे. मुलांना ही सवय आजच लावा, ती लवकर शिकतात आणि मग आपल्यालाच टोकतात.

आता आईबाबांशी. रस्त्याची भीती वाटते म्हणून आपण नववी-दहावीतल्या पोरांना सायकल सोडायला लावतो आणि ट्यूशनसाठी हातात मोपेड देतो. भीती खरी आहे, उपाय उलटा आहे. ज्या रस्त्यावर तो मार खाणारा होता तिथे आता तो मारणाराही झाला. कायद्याचे सांगायचे तर 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. आणि जे पालक मुलांना कारने सोडतात त्यांना एक विनंती: फाटकाच्या अगदी तोंडाशी गाडी नेऊ नका. शे-दोनशे मीटर अलीकडे उतरवा, चालू द्या. फाटकासमोरची ती कोंडी बहुतेक आपल्याच गाड्यांची असते, आणि तिच्यातून वाट काढत येणारी सायकलवरची मुलगी दुसऱ्या कोणाची तरी असते.

सायकलवाल्यांनाही सूट नाही. पण आधी एक गोष्ट मान्य करू: दोन्ही बाजूंची चूक सारखी असली तरी शिक्षा सारखी होत नाही. सायकलवाल्याच्या चुकीने कारला ओरखडा पडतो. म्हणून ‘दोघांनीही समजून घ्यावे’ हे गोड वाक्य मला इथे लिहायचे नाही. समजून घेण्याची पहिली पाळी स्टिअरिंगवाल्याची.

एवढे झाल्यावर, सायकलवाल्या मित्रांनो, तुमचे. मागे लाल दिवा लावा. बॅटरीचा छोटा दिवा एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त मिळतो, आणि तो परवडत नसेल तर मडगार्डवर चमकणारी पट्टी चिकटवा. आपल्या आजोबांच्या काळात सायकलला दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचे. तो जाच गेला आणि दिवाही गेला. काळे जर्किन, काळी सायकल, संध्याकाळचा पाऊस: अशा वेळी चांगल्या चालकालाही तुम्ही दिसत नाही. वळायच्या आधी हात दाखवा आणि मागे बघा. कानात गाणी नकोत. सिग्नलला ट्रकच्या डावीकडे घुसू नका. त्याच्या पुढे उभे राहा, जिथे तो तुम्हाला बघेल, नाही तर मागे.

रॉंग साइडचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण ते नुसते बेशिस्तीचे प्रकरण नाही. मोठ्या रस्त्यांना सलग डिव्हायडर आहे आणि वळायला कट दूर. कारवाल्याला ती दोन मिनिटे वाटतात. सायकलवाल्याला जाऊन-येऊन दीड-दोन किलोमीटर पोटऱ्यांनी मोजावे लागतात, तेही दहा तासांच्या कामानंतर. म्हणून तो उलटा येतो. मला त्याचे कारण कळते, तरीही त्याला सांगणे आहे: उलट येऊ नकोस. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक उजवीकडे बघतो, डावीकडून तू येशील हे त्याच्या ध्यानीमनी नसते. एवढासा तुकडा असेल तर उतर आणि सायकल हातात धरून कडेने चालत जा. आणि महापालिकेला सांगणे असे की रस्त्याचा आराखडा काढणाऱ्याने एकदा तो रस्ता सायकलवर ओलांडून बघावा; कट कुठे हवा ते त्याला नकाशाशिवाय समजेल.

रविवारी पहाटे हेल्मेट घालून घोळक्याने निघणाऱ्या आमच्या शौकीन मंडळींनाही दोन शब्द. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि मग तर्री पोहे, हा कार्यक्रम छानच आहे. पण पाच-पाच जण शेजारी शेजारी, पूर्ण लेन अडवून गप्पा मारत चालणे बरे नाही. दोघांच्या वर शेजारी नको, आणि मागे गाडी आली की एकामागे एक. तुमच्यावर चिडलेला चालक तुम्हाला काही करत नाही, कारण तुम्ही दहा जण असता आणि सायकल लाखाची दिसते. त्याचा राग निघतो तो तासाभराने, एकट्या जाणाऱ्या दूधवाल्यावर.

या शहराला सायकल नवीन नाही. गिरणीचा भोंगा झाला की एम्प्रेस मिलच्या फाटकातून, पाळी सुटली की अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून कामगारांच्या सायकली निघायच्या. त्या पिढीतली माणसे अजून आपल्या घरांत आहेत, विचारून बघा. याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली, आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक. केंद्र सरकारच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर होते. आपल्या मेट्रोत सायकल डब्यात नेता येते. म्हणजे शर्यत, बक्षीस आणि मेट्रोपर्यंत सगळे आहे. घरापासून मेट्रोच्या स्टेशनपर्यंतचा किलोमीटर-दीड किलोमीटर मात्र अजून ज्याचा त्याने जीव मुठीत धरून काढायचा आहे.

‘आपल्याकडे हे होणे नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. आज ज्या नेदरलँड्सचे सायकलसाठी कौतुक होते तिथे 1971 या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा अशा सरळ नावाची चळवळ उभी राहिली, आणि तिथले रस्ते बदलत गेले. आपल्या देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यांत 32,825 पायी चालणारी आणि चार हजारांहून अधिक सायकलवरची होती. आपल्याकडेही चौकांत फलक घेऊन उभे राहणारे ‘जनआक्रोश’ संस्थेचे ज्येष्ठ नागरिक तुम्ही बघितले असतील. त्यांच्याकडे बघून हॉर्न वाजवणारे आपणच आहोत.

आणि अपघात झालाच तर? ऑगस्ट 2025 मध्ये, राखीच्या सुमारास, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या परिसरात ट्रकच्या धडकेने एक बाई गेली. तिच्या नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात केले, कोणी थांबेना. शेवटी त्याने तिचा देह दुचाकीला बांधला आणि निघाला. ते दृश्य देशभर पाहिले गेले. थांबले नाहीत ते सगळे दुष्ट होते असे मी मानत नाही. पोलिसांच्या भानगडीत कोण पडेल, ही भीती आपल्या हाडात बसली आहे. तेव्हा नीट ऐका: जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. 2019 च्या दुरुस्तीने ते कलम 134अ म्हणून मोटार वाहन कायद्यात आले. दवाखान्यात पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता, नाव सांगण्याची सक्ती नाही. जीव वाचवणाऱ्याला आता सरकारकडून 25 हजारांचे बक्षीस आहे. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख न भरता मिळण्याची योजना लागू आहे. धडक देणारा पळून गेला आणि सापडला नाही, तरी मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार मिळू शकतात. अर्ज करावा लागतो, आणि गरिबाच्या घरी हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

ज्याच्या हातून धडक बसली त्यालाही: पळू नका. जखमीला उपचार मिळवून देणे ही कलम 134 प्रमाणे तुमचीच जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर कायदा तिथे थांबायची सक्ती करत नाही, पण जवळच्या ठाण्यात जाऊन सांगायला लावतो. आणि जमावाला हात जोडून विनंती की चालकाला बडवण्यात जी दहा मिनिटे जातात ती जखमीची असतात. आधी 108 ला फोन, मग 112. मेडिकल किंवा मेयो, जे रुग्णालय जवळ असेल ते.

धडक होता होता राहिली, नुसती घासाघीस झाली, शिवी तोंडावर आली, अशा वेळी आपल्या गावात एक हुकमी इलाज आहे. हात वर करून ‘सॉरी भाऊ’ म्हणा. चूक कोणाची हे ठरवायला नंतर तर्री पोह्याच्या टपरीवर भरपूर वेळ आहे.

आता कामे वाटून घेऊ. मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर सायकल स्टँडवर एक चक्कर मारावी. ब्रेक लागत नसलेली, मागे चमकती पट्टी नसलेली सायकल दिसली तर घरी निरोप द्यावा. सायकल दुकानदारांनी आणि पंक्चरवाल्यांनी लाल दिवे आतल्या कपाटातून काढून समोर टांगावेत. नगरसेवकांनी आपल्या प्रभागातल्या शाळांच्या अर्ध्या किलोमीटरच्या आतली उघडी चेंबरे आणि निघालेले गट्टू शाळा उघडायच्या आधी बसवून घ्यावेत. निधी नाही हे कारण चार गट्टूंना लागू पडत नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांनी आणि बांधकामवाल्यांनी शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी टिप्पर साइटवरच उभे ठेवावेत, आणि बाहेर पडताना चाकांवर पाणी मारावे.

आणि तुम्ही हे आज रात्रीच सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नको. ब्रेकचे रबर बदलून आणायला आणि दिवा विकत घ्यायला एक संध्याकाळ लागते.